आजाचा गळ आणि माझी विहीर

आमच्या मोहल्ल्यातली विहीर जांभ्या दगडात खोदलेली आहे. बाणकोटच्या खाडीपासून ती फार लांब नाही, तरी तिचे पाणी गोड. पावसाळ्यात हाताने पाणी घेता येईल इतकी ती भरे आणि मे महिन्यात दोर संपला तरी बालदी तळाला टेकत नसे. त्या विहिरीत वर्षभर काही ना काही पडत असे. कळशी, तांब्या, बालदी, कधी एखाद्या पोराची चप्पल. काही पडले की बायका आमच्या दारात येत. कारण मोहल्ल्यात गळ फक्त आमच्या आजाकडे होता.

ज्यांनी नळाचेच पाणी पाहिले, त्यांना गळ म्हणजे मासे पकडायचा एवढेच ठाऊक असेल. विहिरीचा गळ वेगळा. लोखंडी कडीला चार-पाच वाकडे आकडे, आणि कडीला दोर. आजा तो पाण्यात सोडायचा, डोळे मिटायचा आणि बोटांनी दोर ऐकायचा. आम्ही पोरे श्वास रोखून काठावर बसायचो. ‘लागला’ असे तो पुटपुटला की दोर वर यायला लागायचा.

आजाचा एक नियम होता. वर आलेली वस्तू तो कुणाच्या हातात देत नसे. विहिरीच्या कठड्यावर ठेवत असे. ज्याची असेल त्याने सगळ्यांच्या देखत यावे आणि न्यावी.

एकदा आमच्याच घरातला तांब्याचा लोटा नाहीसा झाला. आजीने घर उलथेपालथे केले आणि शेवटी संशय घेतला तो भात कांडायला येणाऱ्या मुलीवर. मुलगी रडली, शपथा घेतल्या, पण तिचे येणे बंद झाले. पंधरा-वीस दिवसांनी शेजारणीची बालदी काढताना गळाला बालदीबरोबर आमचा लोटा लागून वर आला. आजी म्हणाली, ‘पदराखाली देवा, घरात नेते.’ आजाने ऐकले नाही. त्याने लोटा कठड्यावर ठेवला आणि मला सांगितले, ‘जा, त्या पोरीच्या बापाला बोलावून आण.’ मी धावत गेलो. तो माणूस आला, लोट्याकडे पाहिले, आजाकडे पाहिले. आजा म्हणाला, ‘आमची चूक झाली. विहिरीनं साक्ष दिली.’ मला वाटते तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. पुढे ही गोष्ट मी विसरून गेलो. विसरायला नको होती.

मोठा झाल्यावर मीही विहिरीच्याच धंद्यात आलो, पण पाण्याच्या नव्हे. डिप्लोमा झाल्यावर आमच्या गावच्या शेकडो पोरांसारखा मीही आखातात गेलो आणि तेल-वायूच्या विहिरींवर अवजारे पुरवणाऱ्या एका कंपनीत लागलो. गंमत अशी की तिथेही पहिल्या आठवड्यात गळच भेटला. खोल विहिरीत पाइप तुटून पडला, अवजार अडकले, तर ते काढण्याच्या कामाला तिथे ‘मासेमारी’च म्हणतात आणि अडकलेल्या वस्तूला ‘मासा’. त्यासाठीही आकडे, पंजे, चिमटे असतात. फक्त आजाचा दोर पन्नास हातांचा आणि इथली खोली चार-पाच किलोमीटर. एक ‘मासा’ काढण्यात आठवडे जातात, पैसा पाण्यासारखा वाहतो आणि कधी कधी विहीरच सोडून द्यावी लागते. विहिरीत काही पडू देऊ नये, पडले तर बाहेर काढावे, हा या धंद्याचा पहिला धडा.

पुढे माझे काम असे झाले की हा धडाच उलटा झाला. आता मी विहिरीत अशा वस्तू सोडतो, ज्या कधीच बाहेर काढायच्या नसतात. त्या तिथेच विरघळून जातात.

ते कसे, हे थोडे सांगितले पाहिजे. काही खडकांत वायू असतो, पण खडक इतका घट्ट की वायू आपणहून येत नाही. ओमानमधले खझ्झान क्षेत्र असेच आहे, तिथून २०१७ साली उत्पादन सुरू झाले. सौदी अरेबियातल्या जाफुरा क्षेत्राच्या विकासाला २०२० साली मंजुरी मिळाली, तिथला खडकही असाच. अशा ठिकाणी विहीर आधी सरळ खाली नेतात आणि मग खडकातून आडवी वळवतात. हा आडवा भाग किलोमीटर-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही लांब असतो. मग पाणी आणि वाळू प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला बारीक चिरा पाडतात. वाळू त्या चिरा मिटू देत नाही आणि चिरांतून वायू वाट काढतो.

पण सगळी लांबी एकदम फोडता येत नाही. म्हणून तुकडे करतात. सर्वांत टोकाचा तुकडा आधी फोडायचा. मग त्याच्या अलीकडे पोलादी नळात एक बूच बसवायचे, बुचाच्या अलीकडे नळाला भोके पाडायची आणि दुसरा तुकडा फोडायचा. पुन्हा बूच, पुन्हा भोके. असे करत करत एका विहिरीत वीस, तीस, कधी चाळीस बुचे बसतात. आम्ही त्यांना प्लग म्हणतो. काम संपले की हीच बुचे वायूची वाट अडवून बसतात, म्हणून ती काढावी लागतात.

पूर्वी ही बुचे बिडाची होती. मग काचतंतू आणि राळेची आली, ती फोडायला सोपी. पण फोडायला कुणीतरी आत जायलाच हवे. त्यासाठी मोठ्या रिळावर गुंडाळलेला लवचिक पोलादी पाइप आत ढकलतात आणि त्याच्या टोकाला बूच दळणारे पाते असते. आडव्या विहिरीत हा पाइप ढकलणे म्हणजे ओला दोर ढकलण्यासारखे. काही अंतरानंतर तो नागमोडी वळतो, नळाच्या भिंतींना घासतो आणि अडतो. त्या पलीकडची बुचे तशीच राहतात. त्यातून विरघळणाऱ्या बुचाची कल्पना पुढे आली. २०१० नंतरच्या दशकात ती सर्रास वापरात आली.

ही बुचे बहुतेक मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. मॅग्नेशियम हा फार हलका धातू, ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश वजनाचा. त्याचा स्वभाव असा की पाणी लागले की झिजायचे. झिजताना हायड्रोजन वायू निघतो आणि मागे पांढरा चिखल उरतो. हा पांढरा चिखल म्हणजे पोट साफ व्हायला आपण पितो ते मिल्क ऑफ मॅग्नेशियाच. साध्या पाण्यात त्याचा थर धातूवरच बसतो आणि झीज मंदावते. पाणी खारे असेल तर मीठ तो थर टिकू देत नाही. त्यात धातूमध्ये निकेल, तांबे यांचा मुद्दाम अंश घातलेला असतो. त्यामुळे बुचाच्या अंगात लाखो बारीक बॅटऱ्या तयार होतात आणि धातू स्वतःलाच खात सुटतो. मोटारी आणि विमानांसाठी मॅग्नेशियम बनवणाऱ्यांनी हेच निकेल, तांबे आणि लोखंड धातूतून काढून टाकण्यासाठी कित्येक दशके खर्च केली होती. आमच्या धंद्याने ते परत आत घातले. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण, तो असा.

मला या धातूची आणखी एक गोष्ट आवडते. टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट इथे १९४१ साली समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियम काढायला सुरुवात झाली. आता जगातले बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये दगडापासून बनते, पण समुद्रात ते आहेच. खाऱ्या पाण्यातून आलेला धातू खाऱ्या पाण्यातच परत जातो. खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

विरघळण्यासाठी मीठ लागते तशी उष्णताही लागते. विहीर जितकी गरम, तितके बूच लवकर जाणार. म्हणून प्रत्येक विहिरीसाठी हिशेब करावा लागतो. पाणी किती खारे, खाली तापमान किती, आणि बूच किती तास दाब सोसून उभे राहिले पाहिजे. लवकर विरघळले तरी नुकसान, उशिरा विरघळले तरी नुकसान. तो हिशेब करणे हे माझे काम.

२०१९ च्या उन्हाळ्यात, ओमानच्या वाळवंटातल्या एका विहिरीवर तो हिशेब माझ्याकडून चुकला. विहिरीचे आणि कंपनीचे नाव इथे सांगत नाही, त्याला इथे महत्त्वही नाही.

त्या दिवशी आम्ही बूच बसवले, भोके पाडली आणि नेमका मोठा पंप बंद पडला. दुरुस्तीला वेळ लागणार होता. विहिरीवरच्या मुख्य साहेबांनी मला विचारले, ‘बूच किती वेळ टिकेल?’ मी कागद पाहिला आणि म्हणालो, ‘चोवीस तास.’ एकोणीस तासांनी पंप सुरू झाला. पाणी आत सोडले, तर दाब चढेचना. बूच जागेवर नव्हते. सगळे पाणी आधीच फोडलेल्या तुकड्यात जात होते. नवे बूच बसवण्यात आणि बाकीच्या कामाची घडी परत बसवण्यात दोन दिवस गेले.

चौकशी लागली. माझ्या वरच्या साहेबांनी मला बोलावले. ते वाईट माणूस नव्हते. कंत्राट वाचवायचे होते, एवढेच. ते म्हणाले, ‘पिशवी फाटली असेल.’

मॅग्नेशियमची बुचे हवा काढून घेतलेल्या पिशवीत बंद करून येतात, कारण दमट हवाही त्यांना पुरते. आमचे गोदाम समुद्रकाठी होते. तिथला दमटपणा कोकणातल्या जूनसारखा. गोदामात माल लावायला बिहारमधल्या सिवान जिल्ह्यातला एक पोरगा होता. वीस-एकवीस वर्षांचा. त्याने हाताळताना पिशवीला भोक पडले असणार, हवा शिरली असणार, बूच आधीच अर्धे मेले असणार, असे कारण तयार झाले.

ती पिशवी मी स्वतः फोडली होती. कात्री लावली तेव्हा आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज मी ऐकला होता. म्हणजे पिशवी शाबूत होती. बूच हातात घेऊन पाहिले होते, चकचकीत होते.

खरे कारण मला दुसऱ्या रात्री कळले. मी तापमान धरले होते ते पंप चालू असतानाचे. वरून गार पाणी जात असते तोवर विहीर गार राहते. पंप बंद पडला की सभोवतालचा खडक नळाला पुन्हा तापवायला लागतो. त्या एकोणीस तासांत विहीर आपल्या मूळ तापमानाला येत गेली आणि बुचाचे आयुष्य जवळजवळ निम्म्याने घटले. हे मला शिकवलेले होते. त्या घाईत मी ते लक्षात घेतले नाही.

सिद्ध मात्र काहीच होणार नव्हते. जुन्या बुचाचा तुकडा तरी वर आला असता. तो कुठे तुटला, का तुटला हे पाहता आले असते. हे बूच विरघळून गेले होते. विरघळणाऱ्या वस्तूचा हा एक गुण कोणत्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. ती साक्ष ठेवत नाही. त्या विहिरीत काय झाले, याचा साक्षीदार फक्त मी होतो.

अहवालात एक वाक्य आले. ‘साठवणुकीत पिशवीस इजा होऊन दमटपणा शिरल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मी त्याखाली सही केली. वाक्यात कुणाचे नाव नव्हते. अशा वाक्यांत कुणाचे नाव नसतेच. अकरा दिवसांनी त्या पोराला परत पाठवले.

जाण्याच्या आदल्या दिवशी तो मला खाणावळीत भेटला. म्हणाला, ‘भाईजान, थैली तो आपने ही खोली थी ना?’

मी म्हणालो, ‘रिपोर्ट वरच्या लोकांनी केला.’ आणि ताटातली डाळ ढवळत बसलो.

दोन महिन्यांनी मी रजेवर घरी आलो. अम्माचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. ती पलंगावर बसून शेजारणींना कौतुकाने सांगत होती, ‘टाके काढावे लागले नाहीत बाई, आपोआप विरघळले.’ मी तिला म्हणालो, ‘अगं अम्मा, मीही तेच काम करतो.’ तिला पटेना. मग मी समजावले. पॉलिग्लायकोलिक आम्ल नावाचे एक प्लास्टिक असते. त्याच्या धाग्याचे टाके १९७० च्या सुमारास दवाखान्यात आले. पाण्याने आणि उष्णतेने तो धागा हळूहळू सुटा होतो. आमच्या धंद्यात त्याच प्लास्टिकची बुचेही बनतात. मॅग्नेशियमचेही तसेच. एका अमेरिकन डॉक्टराने १८७८ साली त्याच्या तारेने रोग्यांच्या रक्तवाहिन्या बांधल्या होत्या. अम्मा ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे तू केलेलं काम मागे काहीच राहत नाही. मग बरं केलं की वाईट, हे कळतं कसं?’

तिने सहज विचारले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या दुपारी मी पडवीत गेलो. आजा जाऊन वीस वर्षे झाली होती, पण त्याचा गळ तिथेच खुंटीला होता. गंजलेला, एक आकडा तुटलेला. नळ आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मला एकदम तो लोटा आठवला, ओला, कठड्यावर उन्हात ठेवलेला. आणि त्या मुलीच्या बापाचा चेहरा. आजाला तो लोटा लपवता आला असता. आजी तर पदर पुढे करून उभी होती. त्याला विहिरीने साक्ष दिली होती. माझ्या विहिरीने दिली नव्हती. मग मीच द्यायला नको होती का?

परत गेल्यावर मी दोन पाने लिहून वरच्या कचेरीत दिली. पिशवी शाबूत होती, ती मी फोडली, तापमानाचा हिशेब माझा होता आणि तो चुकला. तापमानाच्या नोंदी जोडल्या. माझ्या साहेबांनी मला विचारले, ‘आता याचा काय उपयोग?’ उपयोग माझ्यासाठी वाईटच झाला. माझी बढती दोन वर्षे अडली. साहेबांशी बोलणे कामापुरते उरले. अहवाल मात्र दुरुस्त झाला. पोराला परत घेतले नाही. त्याच्या जागी दुसरा आला होता.

त्याचा नंबर मी गोदामातल्या एका जोडीदाराकडून मिळवला आणि फोन केला. मी बोलत होतो, तो गप्प होता. मी नोकरीसाठी शब्द टाकीन म्हणालो, पैसे पाठवतो म्हणालो. त्याने दोन्हींवर काहीच म्हटले नाही. शेवटी एवढेच विचारले, ‘कागज पर लिखा है?’ मी हो म्हणालो. म्हणाला, ‘उसका फोटो भेज दीजिए. अब्बा को दिखाना है. वो समझते हैं, मैं चोरी करके निकाला गया.’

मी फोटो पाठवला. त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. मीही केला नाही. त्याने मला माफ केले की नाही, हे मला ठाऊक नाही आणि ते विचारण्याचा हक्क मला आहे असे वाटत नाही.

आता माझ्या हाताखाली नवी पोरे येतात. बरीचशी आपल्याकडचीच, रत्नागिरीची, रायगडची. त्यांना मी दोन गोष्टी शिकवतो. पहिली ही की ज्या धातूचे बूच, त्याच धातूची एक चकती वर ठेवायची. त्याच विहिरीचे पाणी घ्यायचे, ते खालच्या तापमानाइतके तापवायचे, दाबाच्या भांड्यात चकती बुडवायची आणि तासातासाला वजन लिहायचे. पंप बंद असतानाचे तापमान धरायचे, चालू असतानाचे नव्हे. खालचे बूच दिसत नाही, पण ही चकती दिसते. ही आमची साक्षीदार.

दुसरी गोष्ट मी त्यांना हातात ठेवून दाखवतो. हे बूच सगळेच्या सगळे विरघळत नाही. पोलादी नळाला घट्ट धरून राहण्यासाठी त्याला दात लागतात आणि मऊ धातूचे दात पोलादात रुतत नाहीत. म्हणून तिथे चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे किंवा कठीण धातूचे छोटे खडे बसवलेले असतात. बाकी सारे गेले तरी हे खडे उरतात आणि वायूबरोबर, पाण्याबरोबर कधी तरी वर येतात. वरच्या जाळीत सापडतात. हरभऱ्याएवढे, बोराच्या बीएवढे. असे मूठभर खडे मी एका बरणीत जमवले आहेत. पोरांना म्हणतो, सगळे विरघळले असे कधी समजू नका.

गेल्या रजेत मी आजाचा गळ उतरवला, रॉकेलने पुसला, गंज काढला. अम्माने विचारले, ‘आता कशाला? विहिरीवर कोण जातंय?’ मी म्हणालो, ‘असू दे.’ तुटलेला आकडा तसाच ठेवला आणि गळ पुन्हा खुंटीला लावला.